तुरुंगातल्या मिनिटाचा भाव

भाव आवाक्यात राहतो तो गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाऊ शकते म्हणून, हे बाजाराचे साधे तत्त्व अमेरिकेतील तुरुंगांच्या दूरध्वनीसेवेला लागू पडत नाही. तेथे तुरुंगाचे प्रशासन एकाच कंपनीशी अनेक वर्षांचा करार करते, बंद्याने त्याच कंपनीच्या यंत्रावरून बोलायचे असते, आणि पैसे मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या आईला, बायकोला किंवा आजीला भरावे लागतात. कंपनी निवडणाऱ्याच्या खिशाला झळ लागत नाही आणि ज्याच्या खिशाला ती लागते त्याला निवडीचा अधिकार नाही, अशी ही रचना आहे. या सेवेच्या नियमनावरून अमेरिकेत जवळजवळ पाव शतक जो वाद चालू आहे, तो वरवर पाहता मिनिटाला किती सेंट घ्यावेत याचा असला, तरी प्रत्यक्षात तुरुंग चालवण्याच्या खर्चातला कोणता भाग बंद्यांच्या नातलगांकडून वसूल करावा, याचा आहे.

ही व्यवस्था फार जुनी नाही. १९७० च्या दशकापूर्वी केंद्र सरकारच्या तुरुंगांत बंद्याला साधारणपणे तीन महिन्यांतून एकदा फोन करता येई, आणि तोही कर्मचाऱ्याने जोडून दिला तर. पुढे भिंतीवरचे फोन आले आणि त्यांच्यासोबत ‘कलेक्ट कॉल’ म्हणजे फोन उचलणाऱ्याच्या नावावर बिल पडणारा कॉल रूढ झाला. १९८४ मध्ये एटी अँड टी या कंपनीची मक्तेदारी मोडून तिचे विभाजन झाले, तेव्हा सर्वसामान्य ग्राहकासाठी लांब पल्ल्याचे कॉल स्पर्धेमुळे स्वस्त होत गेले. तुरुंगात मात्र त्याच स्पर्धेने उलटा परिणाम घडवला. कंत्राट मिळवण्यासाठी कंपन्यांनी दर कमी करण्याऐवजी तुरुंगाला द्यायचे कमिशन वाढवले, म्हणजे कॉलच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा प्रशासनाला देऊ केला. न्यूयॉर्क राज्यात हा हिस्सा ५७.५ टक्के होता आणि २००७ मध्ये राज्याने तो घेणे सोडले. एसटी स्थानकातल्या उपाहारगृहाचा ठेका सर्वांत जास्त भाडे देणाऱ्याला मिळाला की चहा महाग होतो, तसाच हा प्रकार, फरक इतकाच की प्रवासी स्थानकाबाहेरच्या टपरीवर जाऊ शकतो. २०१३ पूर्वी काही ठिकाणी १५ मिनिटांच्या आंतरराज्य कॉलला १७ डॉलरपर्यंत मोजावे लागत, त्यामागचे मुख्य कारण हे कमिशन होते.

येथे अमेरिकी व्यवस्थेतला एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. ‘प्रिझन’ हे राज्याचे किंवा केंद्राचे कारागृह असते आणि त्यात प्रामुख्याने शिक्षाबंदी असतात. ‘जेल’ मात्र काउंटीचे, म्हणजे साधारणपणे जिल्ह्याचे असते, ते बहुधा निवडून आलेल्या शेरिफच्या ताब्यात असते आणि त्यातले बहुसंख्य लोक न्यायाधीन असतात, म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नसतो. दर सर्वांत चढे होते ते याच जेलमध्ये. ज्याला जामिनासाठी पैसे उभे करायचे आहेत, वकील गाठायचा आहे, कामावर का येत नाही हे मालकाला कळवायचे आहे, त्याला फोनची गरज पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते, आणि नेमके तेव्हाच त्याच्यापुढे खाते उघडण्याचे शुल्क, पैसे भरण्याचे शुल्क, कागदी बिलाचे शुल्क अशी रांग उभी राहत असे. काही कंपन्या खाते नसलेल्या कुटुंबाकडून एकाच कॉलचे ९.९९ किंवा १४.९९ डॉलर घेत, मग बोलणे दोन मिनिटांचे का होईना.

या रचनेला पहिला मोठा धक्का दिला तो मार्था राइट-रीड या वॉशिंग्टनमधील निवृत्त परिचारिकेने. त्या दृष्टिहीन होत्या, त्यामुळे तुरुंगात असलेल्या नातवाची पत्रे त्यांना स्वतः वाचता येत नसत. राजधानीतल्या बंद्यांना दूरदूरच्या राज्यांतल्या तुरुंगांत पाठवले जात असल्याने भेटीला जाणेही अवघड होते. २००० मध्ये त्यांनी इतर कुटुंबांसह खटला दाखल केला. न्यायालयाने हा दरांचा प्रश्न असल्याचे सांगून त्यांना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे देशातील दूरसंचार सेवांचे नियमन करणाऱ्या आयोगाकडे पाठवले आणि २००३ मध्ये तेथे अर्ज दाखल झाला. आयोगाने त्यावर प्रत्यक्ष आदेश काढला तो ऑगस्ट २०१३ मध्ये, मिग्नॉन क्लायबर्न हंगामी अध्यक्ष असताना. अर्ज आणि आदेश यांच्यामधल्या दहा वर्षांत कंपन्यांचे मीटर चालूच होते.

२०१३ च्या आदेशाने आंतरराज्य कॉलसाठी मिनिटाला २१ सेंट आणि कलेक्ट कॉलसाठी २५ सेंट अशी कमाल मर्यादा घातली. पण बहुसंख्य कॉल एकाच राज्याच्या हद्दीत होतात आणि त्यांना ही मर्यादा लागू नव्हती. म्हणून २०१५ मध्ये आयोगाने राज्यांतर्गत कॉलही कक्षेत घेतले, पैसे भरण्याच्या स्वयंचलित व्यवहाराला ३ डॉलर आणि कर्मचाऱ्यामार्फत केलेल्या व्यवहाराला ५.९५ डॉलर अशी शुल्कांची कमाल ठरवली, आणि कंपन्या न्यायालयात गेल्या. २०१७ च्या आरंभी अजित पै आयोगाचे अध्यक्ष झाल्यावर राज्यांतर्गत मर्यादेचा बचाव आयोगाने स्वतःच सोडून दिला. त्याच वर्षी जूनमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. १९९६ च्या दूरसंचार कायद्यात सार्वजनिक फोन चालवणाऱ्यांना ‘योग्य मोबदला’ मिळावा असे म्हटले आहे, त्यातून राज्यांतर्गत दर कमी करण्याचा अधिकार निघत नाही, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. शिवाय उद्योगाच्या सरासरी खर्चावरून मर्यादा काढण्याची आयोगाची पद्धतही न्यायालयाला मान्य झाली नाही. निकाल कायद्याच्या भाषेशी प्रामाणिक होता, हे मान्य करावे लागते. दोष कायद्यात होता, कारण तो रस्त्यावरच्या नाणेफोनच्या चालकाला त्याचा मोबदला मिळावा म्हणून लिहिला गेला होता. बंद्याच्या कुटुंबाला चालकापासून वाचवावे लागेल, ही कल्पना त्यात नव्हती.

ती उणीव काँग्रेसने भरून काढली. मार्था राइट-रीड यांचे २०१५ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या नावाने झालेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी ५ जानेवारी २०२३ रोजी स्वाक्षरी केली. डेमोक्रॅटिक सिनेटर टॅमी डकवर्थ आणि रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांनी मिळून मांडलेल्या या छोट्याशा कायद्याने तीन गोष्टी केल्या. मोबदला योग्य असावा या अटीला दर न्याय्य आणि वाजवी असावेत ही अट जोडली, राज्यांतर्गत कॉल आणि व्हिडिओ कॉल आयोगाच्या अधिकारात आणले, आणि सरासरी खर्चाचा आधार घेण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली, म्हणजे न्यायालयाने ज्या ज्या ठिकाणी बोट ठेवले होते तेथे तेथे टाका घातला.

त्यानंतर जुलै २०२४ मध्ये आयोगाने जो आदेश काढला, तो या साऱ्या कथेतला सर्वांत कडक होता. कारागृहांत आणि हजार किंवा त्याहून अधिक बंदी असलेल्या जेलमध्ये आवाजी कॉलची कमाल मिनिटाला ६ सेंट, तर शंभराहून कमी बंदी असलेल्या अगदी लहान जेलमध्ये १२ सेंट ठरली. आयोगाच्याच हिशेबाने मोठ्या जेलमधला १५ मिनिटांचा कॉल, जो ११.३५ डॉलरपर्यंत जाऊ शकत होता, तो ९० सेंटवर येणार होता. निरनिराळी जोडशुल्के बंद झाली आणि कमिशनवर बंदी आली.

पण या आदेशाचा गाभा या आकड्यांत नाही. तुरुंगातला कॉल हा साधा कॉल नसतो. फोन उचलणाऱ्याला आधी ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते की हा कॉल कारागृहातून येत आहे आणि तो ध्वनिमुद्रित होईल. मग एक आकडा दाबून तो स्वीकारावा लागतो. बोलणारा तोच बंदी आहे का हे आवाजाच्या ठशावरून तपासले जाते, मध्येच तिसऱ्या क्रमांकाला कॉल जोडला तर यंत्रणा तो तोडते, आणि ठरलेली मिनिटे संपली की वाक्य अर्धे असले तरी आवाज बंद होतो. ही सगळी देखरेख कंपनी पुरवते आणि तिचा खर्च दरात मिसळते. आयोगाने या सुरक्षा-सेवांची सात प्रकारांत विभागणी करून प्रश्न विचारला की यांतले काय कॉल करण्यासाठी आवश्यक आहे आणि काय पोलिसी कामासाठी. उत्तरादाखल दोन प्रकारांचा खर्च दरात धरला आणि ध्वनिमुद्रण, कॉल ऐकत राहणे, आवाजाचे ठसे अशा पाच प्रकारांचा वगळला. देखरेख करू नका असे आयोग म्हणाला नाही. ती हवी असेल तर तिचे पैसे तुरुंगाच्या अंदाजपत्रकातून भरा, एवढेच त्याचे म्हणणे होते. भिंत, कुलूप आणि पहारेकरी यांचे पैसे नातलगांकडून घेतले जात नाहीत, तर ध्वनिमुद्रण यंत्राचेच का घ्यावेत, या प्रश्नाला शेरिफांच्या संघटनांनी दिलेले उत्तर तत्त्वाचे नव्हते, तिजोरीचे होते. लहान काउंटीकडे पैसा नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण पैसा नसणे हे तो गरीब आजीकडून घेण्याचे समर्थन ठरत नाही.

व्हिडिओ कॉलचा मामला आणखी गुंतागुंतीचा. या सेवेबरोबर काही जेलनी समोरासमोरच्या भेटीच बंद केल्या, आणि काही करारांत तर तशी अटच होती. टेक्सासला २०१५ मध्ये प्रत्यक्ष भेटीचे संरक्षण करणारा कायदा करावा लागला. दूर राहणाऱ्या कुटुंबाला पडद्यावर लेकरू दिसणे ही मोठी सोय आहे यात शंका नाही, तसेच बहिऱ्या बंद्याला खाणाखुणांच्या भाषेत बोलण्यासाठी व्हिडिओशिवाय गत्यंतर नाही. परंतु आकारणी बहुधा वीस किंवा तीस मिनिटांच्या सत्राची असे, आणि चित्र पाचव्या मिनिटाला गोठले तरी पैसे पूर्ण सत्राचे जात. २०२४ च्या आदेशाने व्हिडिओलाही मिनिटाचा हिशेब लावला आणि कारागृहांसाठी १६ सेंटची कमाल घातली.

काही राज्यांनी दराचा प्रश्नच निकालात काढला. कनेक्टिकटने २०२१ मध्ये कारागृहातले कॉल निःशुल्क करणारा कायदा केला, त्यामागून कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मॅसॅच्युसेट्स आली. न्यूयॉर्क शहराने तर हा निर्णय २०१८ मध्येच घेतला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रशासनाने कंपनीला मिनिटांऐवजी यंत्रामागे ठरीव रक्कम देण्याचा करार केला, आणि हा तपशील दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण बिल स्वतःच्या नावावर पडू लागताच सरकार घासाघीस करू लागते. मिनेसोटाच्या कारागृह विभागाने २०११ मध्ये केलेल्या अभ्यासात ज्यांना भेटी मिळाल्या त्यांच्यात पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचे प्रमाण १३ टक्क्यांनी कमी आढळले होते. तो अभ्यास भेटींचा होता, फोनचा नव्हे, त्यामुळे त्याचा आधार जपूनच घ्यायला हवा. तरी घराशी धागा टिकण्यात सरकारचाही लाभ आहे, हा युक्तिवाद विधिमंडळांना पटवण्यात त्याचा उपयोग झाला.

महाराष्ट्रातही येरवड्यासारख्या कारागृहांत स्मार्टकार्डावर चालणारे फोन आले आहेत आणि कोविडच्या काळापासून ‘ई-मुलाकात’ हा शब्द बंद्यांच्या घरांत रुळला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनी पत्रांबरोबर दूरसंचार आणि डिजिटल साधनांचाही उल्लेख केला आहे. आपल्याकडचा वाद अजून कोणाला, आठवड्यातून किती वेळा आणि कोणत्या गुन्ह्यातल्या बंद्याला, असा सवलतीच्या अंगाने चालतो. करार कोणाशी, किती वर्षांचा आणि त्यातून कारागृह विभागाला काही मिळते का, हे प्रश्न यंत्रे बसण्याआधी विचारणे सोपे असते.

अमेरिकेत ते नंतर विचारले गेले आणि त्याची किंमत दिसते आहे. अर्कान्सासमधील बॅक्स्टर काउंटीच्या शेरिफने २०२५ च्या वसंतात नव्या दरात परवडत नाही म्हणून जेलमधली फोनसेवाच बंद केली. ३० जून २०२५ रोजी आयोगाने नव्या मर्यादांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२७ पर्यंत पुढे ढकलली आणि ऑक्टोबरमध्ये नवा आदेश काढून २०२४ च्या मर्यादा वाढवल्या, सुरक्षा-देखरेखीचा खर्च पुन्हा हिशेबात घेतला, शिवाय तुरुंगाला येणाऱ्या खर्चापोटी मिनिटाला २ सेंटपर्यंत जादा घेण्याची वाट मोकळी केली. नाव बदलले असले, तरी कॉलच्या पैशांतून तुरुंगाला काही पोचावे हा जुना विचार या दोन सेंटांत ओळखू येतो.

दरम्यान सेक्युरस आणि व्हायापाथ या बाजारावर वर्चस्व असलेल्या दोन्ही कंपन्या केवळ फोनच्या कंपन्या राहिलेल्या नाहीत. बंद्यांच्या हातात आता त्यांचे टॅब्लेट आहेत, त्यावर एक संदेश पाठवायला एक ‘स्टँप’ विकत घ्यावा लागतो, गाणी आणि चित्रपट वेगळे, आणि बंद्याच्या खात्यावर पैसे पाठवायलाही शुल्क पडते. सेक्युरसच्या ताब्यातील जेपे या कंपनीवर, सुटकेच्या वेळी बंद्याचे स्वतःचे पैसे शुल्क कापणाऱ्या कार्डावर दिल्याबद्दल, अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०२१ मध्ये कारवाई करून परतावा आणि दंड मिळून ६० लाख डॉलर भरायला लावले. मार्था राइट-रीड यांच्या नावाचा कायदा आवाज आणि व्हिडिओपुरता आहे. लेखी संदेश, गाणी आणि पैसे पाठवण्याचे शुल्क त्याच्या बाहेर राहिले आहे.