दूरसभेच्या सर्व्हरचे नियोजन

२० ठिकाणांची दृक्‌श्राव्य सभा भरवावयाची असल्यास सर्व्हर बसविण्यापूर्वी हिशेब करावा. जित्सी पद्धतीचा सर्व्हर प्रत्येकाचे चित्र इतरांकडे धाडतो. सर्वांचे कॅमेरे चालू असल्यास २० चित्रप्रवाह आत येतात. परंतु बाहेर २० × १९, म्हणजे ३८०पर्यंत जातात. केवळ वक्त्याचाच कॅमेरा चालू ठेवल्यास १९ पुरतात. बाहेर जाणाऱ्या मार्गाची क्षमता या आकड्यावरून ठरवावी. ती अपुरी पडल्यास पाटाच्या शेवटच्या शेतासारखी दूरच्या गावाची आबाळ होते. कीडनाशकाचे प्रमाण सांगताना एक आकडा निसटला, तरी पिकाची हानी होते. यास्तव चित्र थांबले तरी चालेल, आवाज तुटता कामा नये. ग्रामसेवकांनी सभेच्या आदल्या दिवशी सर्वांत क्षीण जोडणीच्या गावातून चाचणी अवश्य घ्यावी.