मुरमाच्या वाटेने दोन दिवस



गेल्या वर्षी दसऱ्याआधी पुण्याकडची काही कॉलेजची मुले गट ऑफिसला आली. सायकलीला तंबू-बिछाना बांधून दोन दिवस हिंडायचे, डांबरी सडक शक्यतो नको, मुरमाच्या नि मातीच्या वाटाच पाहिजेत, तेवढी वाट आखून द्या, म्हणाली. आम्हाला आधी हसूच आले. उमेदवारीत ऊसनोंदीसाठी आम्ही याच वाटांनी सायकल दामटली, ती काही हौस म्हणून नव्हे! पण वाटा पायाखालच्या होत्या, म्हणून हो म्हटले.

अमेरिकेत हा नाद बराच वाढला आहे. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी 2006 पासून खडीच्या रस्त्यांवरून 200 मैलांची, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरची शर्यत होते. तिकडे जमीन मैलामैलाच्या चौकटींत मोजली गेली आणि चौकटींच्या कडेने रस्ते पडले, त्यामुळे कच्च्या रस्त्यांना तोटा नाही. खडी मात्र गारेची, टायर फाडणारी. 2023 साली पावसाने सुरुवातीच्याच टप्प्यात असा चिखल झाला की चाके फिरेनात. भल्याभल्यांनी सायकली खांद्यावर घेतल्या. काळ्या रानात वाफसा नसताना गाडी घालणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

आम्ही नकाशावर 74 किलोमीटरची रेघ ओढली. सामान लादलेली सायकल कच्च्या वाटेवर डांबरीच्या मानाने फार सावकाश चालते, म्हणून दोन दिवसांना एवढेच पुष्कळ. मग चिटबॉयला बरोबर घेऊन ती सगळी वाट सायकलीने पाहिली. मोटारसायकलने पाहिली असती तर चढ कळलेच नसते.

कालव्याची भरावावरची वाट सर्वांत सुखाची. कालवा जवळजवळ समपातळीने जातो, म्हणून लांब पडली तरी दम लागत नाही. तिथून जायला पाटबंधारेच्या शाखेची परवानगी काढली. माळावरचा मुरूम पाण्याचा निचरा करतो, पावसानंतर दुसऱ्या दिवशी चालण्याजोगा होतो. काळ्या मातीच्या पाणंदीला मात्र जोडीने दुसरी वाट आखून ठेवली. दर दहा-बारा किलोमीटरला प्यायचे पाणी नि एसटीच्या सडकेला निघायला एक फाटा, एवढे पाहिले. मुलांना टायर रुंद घ्या, हवा थोडी कमी ठेवा, असे सांगितले. दिवस गळीत सुरू होण्यापूर्वीचे धरले. ऊस भरलेले ट्रॅक्टर सुरू झाले की अरुंद वाटेवर सायकलवाल्याने उतरायचे कुठे?

अडचण आली ती ओढ्यापलीकडच्या पाणंदीत. गाव नकाशात तो गाडीमार्ग आहे, म्हणजे कमीत कमी साडेसोळा फूट. गुंठ्याची बाजू 33 फूट, तिच्या निम्मा. आम्ही टेप लावला तर एका जागी पाच फूट भरला! दोन्हीकडून दरसाल नांगराचे एकेक तास आत सरकलेले, मध्येच पाण्यासाठी चारी फोडलेली. सायकल उचलून न्यावी लागली. एका अंगाचा बांध आमच्याच चुलतभावाचा आहे, हेही इथे सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्हीच सांगाल.

त्याच पाणंदीच्या टोकाला एका सभासदाचा दीड एकर ऊस आहे. मागच्या हंगामात तोड मिळाली, पण ट्रॅक्टर आत जाईना. मोळ्या डोक्यावरून बाहेर काढेपर्यंत तीन दिवस गेले. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उताराही पडतो. नुकसान त्यांचे झाले, थोडे आपल्या सर्वांचेही.

मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली अडवलेली वाट मोकळी करण्याचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. आम्ही आधी चुलतभावाच्या ओसरीवर जाऊन बसलो. "दादा, पोरांच्या सायकलीपायी माझा ऊस काढायला लावतोस व्हय?" तो म्हणाला. सायकलीपायी नव्हे, म्हणून मागच्या हंगामाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग, खोडवा निघाला की मोजणी आणा, म्हणाला. समोरच्यालाही तेच लावा, हेही बजावले.

मुले ठरल्या दिवशी आली. त्या पाणंदीऐवजी आम्ही त्यांना सहा किलोमीटर वळसा घालून डांबरीने पाठवले. मोजणीची फी भरून झाली आहे, तारीख यायची आहे.