दुकान कोणाचे? फ्रँचायझी व्यवसाय आणि सीमाभागातील स्त्रीची मालकी

प्रास्ताविक

दुसऱ्याच्या छापाखाली काम करणे निपाणी परिसरातील स्त्रीला नवीन नाही. बिडी उद्योगाने हे काम घराघरांत पोहोचवले. कारखानदार किंवा ठेकेदार पाने व तंबाखू मोजून देतो, स्त्री घरी बिड्या वळते व मोजून परत करते. नापसंत बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जातात. कट्ट्यावरील नाव मात्र कारखानदाराचे असते. वळणारीचे कौशल्य कितीही मोठे असले तरी त्या नावात तिचा वाटा नसतो.

आज याच भागातील मुली सौंदर्यशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, पूर्वप्राथमिक शिक्षण, बेकरी, संगणक असे अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडत आहेत. त्यांच्यापुढे फ्रँचायझीचा मार्ग आकर्षक रूपात मांडला जातो. 'नाव आमचे, दुकान तुमचे' असे आश्वासन दिले जाते. ते कितपत खरे असते? या मार्गाने स्त्री खरोखर मालक होते की भांडवल स्वतःचे घालून नोकरीच करते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

फ्रँचायझी म्हणजे काय?

एखादी मूळ कंपनी आपले व्यापारचिन्ह, कामाची ठरलेली पद्धत व प्रशिक्षण दुसऱ्या व्यक्तीला ठरावीक मुदतीसाठी वापरायला देते, यालाच फ्रँचायझी म्हणतात. त्याबद्दल फ्रँचायझीधारक सुरुवातीला एकरकमी शुल्क भरतो आणि पुढे विक्रीच्या काही टक्के रक्कम रॉयल्टी म्हणून देतो. जागा, सजावट, कामगार व कर्ज यांची जबाबदारी त्याचीच असते. म्हणजे धोका धारकाचा आणि नाव कंपनीचे, अशी ही विभागणी आहे. नवख्या उद्योजिकेला तयार नाव व तयार पद्धत मिळते, हा तिचा मोठा लाभ होय. मात्र नाव विकत मिळत नाही, ते भाड्याने मिळते, ही गोष्ट विद्यार्थिनींच्या मनावर प्रथम बिंबवली पाहिजे.

स्त्रियांनी घडवलेली परंपरा

आधुनिक फ्रँचायझी पद्धतीच्या आरंभी एका स्त्रीचेच नाव येते, हे अनेकांना ठाऊक नसते. मार्था माटिल्डा हार्पर यांचा जन्म १८५७ मध्ये कॅनडात झाला. बालपणापासून सुमारे २५ वर्षे त्यांनी परक्यांच्या घरी मोलकरणीचे काम केले. साठवलेल्या ३६० डॉलरांच्या बळावर १८८८ मध्ये त्यांनी अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात केशनिगेचे दुकान काढले. गिऱ्हाईक वाढले व इतर शहरांतून मागणी येऊ लागली. तेव्हा १८९१ पासून त्यांनी आपली पद्धत शिकवून इतर स्त्रियांना दुकाने उघडून देण्यास सुरुवात केली. आरंभीच्या धारक त्यांच्यासारख्याच घरकाम करणाऱ्या स्त्रिया होत्या. भरभराटीच्या काळात अशा दुकानांची संख्या पाचशेच्या घरात गेली. प्रशिक्षण, तपासणी, सामायिक जाहिरात, सर्वत्र एकच माल ही आजच्या फ्रँचायझीची सर्व अंगे त्या व्यवस्थेत होती.

भारतात या संदर्भात शहनाज हुसैन यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती नसीरुल्ला बेग यांच्या या कन्येने १९७० च्या दशकाच्या आरंभी दिल्लीतील आपल्या घरातच वनौषधींवर आधारित सौंदर्यकेंद्र सुरू केले. पुढे प्रशिक्षण घेतलेल्या गृहिणींनी आपापल्या घरी अशीच केंद्रे उघडावीत, असा मार्ग त्यांनी दाखवला. विस्तार मुख्यतः फ्रँचायझीद्वारे झाला. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घराबाहेर पडण्यावर मर्यादा असलेल्या स्त्रीला घरातूनच व्यवसाय उभा करता येतो, हे या उदाहरणाने दाखवून दिले.

या दोन्ही उदाहरणांत कंपनीची मालकही स्त्री होती आणि धारकांना वर आणणे हा तिच्या धोरणाचा भाग होता. प्रत्येक कंपनीकडून अशी अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून पुढील तुलना आवश्यक ठरते.

बिडी, पापड आणि फ्रँचायझी

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात जसवंतीबेन पोपट व त्यांच्या सहा सहकारी स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. यातून 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली. तिची कामाची रीत पाहिली तर बिडीच्या धंद्याशी असलेले साम्य लक्षात येते. केंद्रातून भिजवलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून परत आणायचे, तपासून घ्यायचे, लाटणावळ मिळवायची. दोन्हीकडे माल केंद्राचा, श्रम घरातील आणि दर्जाची कसोटी केंद्राची.

तरीही परिणाम भिन्न झाले, कारण नावाची मालकी भिन्न होती. लिज्जतमध्ये लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक असते. नफ्यात व तोट्यात तिचा वाटा असतो. शाखेची संचालिका बाहेरून नेमली जात नाही. पीठ मळणाऱ्या व पापड लाटणाऱ्या भगिनींतूनच ती पुढे येते. २०२१ मध्ये जसवंतीबेन यांना पद्मश्री जाहीर झाली.

बिडी कामगार स्त्रीला मालकी मिळाली नाही, पण झगडून कामगार म्हणून काही हक्क मिळाले. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही संरक्षणाच्या कक्षेत आणले. कारखानदारांनी त्यास आव्हान दिले असता मंगलोर गणेश बिडी वर्क्स प्रकरणात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. पुढे तो २०२० च्या कामगार संहितेत समाविष्ट करण्यात आला. निपाणीच्या तंबाखू वखारींतील स्त्रियांनी केलेल्या संघटनेवर युगांतर या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये माहितीपटही काढला होता.

फ्रँचायझीधारक स्त्री या दोघींच्या मधोमध उभी असते. ती लिज्जतच्या भगिनीप्रमाणे नावाची सहमालक नाही. कायद्याच्या दृष्टीने ती 'स्वतंत्र व्यावसायिक' असल्याने बिडी कामगाराप्रमाणे कामगार कायद्याचे छत्रही तिच्यावर नाही. तिच्या हाती उरतो तो फक्त करारनामा. म्हणून तिची मालकी खरी की नावापुरती, हे करारनाम्याच्या कलमांवरच ठरते.

हिशेबाचे एक उदाहरण

वर्गात पुढील काल्पनिक उदाहरण फळ्यावर मांडता येईल. एका दुकानाची महिन्याची विक्री २,००,००० रुपये आहे. मालाचा खर्च ६० टक्के, म्हणजे १,२०,००० रुपये. रॉयल्टी ६ टक्के, म्हणजे १२,००० रुपये. भाडे १५,०००, दोन मदतनिसांचे वेतन २४,००० आणि वीज व किरकोळ खर्च ९,००० रुपये. हे सर्व वजा जाता २०,००० रुपये उरतात. पाच लाखांचे कर्ज १२ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले असेल तर मासिक हप्ता सुमारे ११,१२२ रुपये येतो. शेवटी हातात ८,८७८ रुपये राहतात आणि तिचे स्वतःचे दिवसभराचे श्रम अद्याप हिशेबात धरलेलेच नाहीत.

आता विक्री १,६०,००० रुपयांवर आली असे समजू. माल ९६,००० आणि रॉयल्टी ९,६०० रुपये होते. भाडे, वेतन व इतर खर्च मिळून ४८,००० रुपये कायम राहतात. उरतात ६,४०० रुपये. हप्ता भरायला ४,७२२ रुपये कमी पडतात. दुकान तोट्यात असूनही कंपनीला मात्र ९,६०० रुपये मिळाले, कारण रॉयल्टी नफ्यावर नसून विक्रीवर आकारली जाते. एवढे एक उदाहरण समजले तरी जाहिरातीतील 'हमखास उत्पन्न' या शब्दांची पारख विद्यार्थिनीला करता येईल.

करारनामा वाचताना

अमेरिकेत करारावर सही करण्यापूर्वी किमान १४ दिवस आधी कंपनीने आपली आर्थिक स्थिती, चालू असलेले खटले, बंद पडलेली दुकाने यांची माहिती लेखी देणे बंधनकारक आहे. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा व १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच मुख्यतः भिस्त ठेवावी लागते. त्यामुळे ही माहिती धारकानेच मागून घ्यायची असते. पुढील बाबी विशेष लक्षपूर्वक पाहाव्यात.

१. नाव : करारनामा, जागेचा भाडेकरार, परवाने व बँक खाते कोणाच्या नावे आहे? पुष्कळदा भांडवलासाठी स्त्रीचे दागिने गहाण पडतात किंवा मेहरची रक्कम वापरली जाते आणि सही मात्र पतीची किंवा भावाची असते. अशा दुकानात ती केवळ गल्ल्यावर बसते.

२. क्षेत्र : त्याच गावात कंपनी दुसरे दुकान उघडू शकते काय?

३. माल : सर्व माल कंपनीकडूनच घ्यावा लागतो काय? दर कोण व केव्हा बदलतो? न खपलेला माल परत घेतला जातो काय?

४. मुदत व नूतनीकरण : मुदत कर्जफेडीच्या काळापेक्षा कमी असू नये. तीन वर्षांचा करार व पाच वर्षांचे कर्ज ही जोडी धोक्याची आहे.

५. बाहेर पडणे : अनामत केव्हा परत मिळते? दुकान मुलीला किंवा दुसऱ्या स्त्रीला हस्तांतरित करता येते काय? करार चालू असताना प्रतिस्पर्धी धंदा न करण्याची अट बंधनकारक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र करार संपल्यानंतरही धंदा करू नये अशी अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सामान्यतः टिकत नाही. सौंदर्यकेंद्र चालवणाऱ्या स्त्रीचे हात तिच्याच कलेपासून कायमचे बांधता येत नाहीत.

सीमाभागातील विशेष प्रश्न

या भागात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. करारनामा इंग्रजीत असतो, सरकारी अर्ज व सूचना कन्नडमध्ये असतात आणि ज्या स्त्रीने सही करायची तिचे शिक्षण उर्दू किंवा मराठी माध्यमातून झालेले असते. 'वाचून व समजून सही केली' हे वाक्य तिला न समजणाऱ्या भाषेत छापलेले असते.

दुसरा प्रश्न हद्दीचा आहे. निपाणीचा बाजार कोल्हापूर–कागलशी जोडलेला, तर जिल्हा बेळगाव. कंपन्या क्षेत्र ठरवताना बहुधा जिल्हा व राज्य हा निकष लावतात. करारात 'बेळगाव जिल्हा' सुरक्षित असला तरी काही मैलांवर कागलमध्ये तेच दुकान उघडू शकते. वाद झाल्यास तो मुंबईत की दिल्लीत चालेल, हेही करारातच लिहिलेले असते. बेळगावचे न्यायालय तेथे असावे, अशी मागणी सहीपूर्वीच करावी लागते.

कर्जाच्या बाबतीत कर्नाटक राज्य महिला विकास महामंडळाची १९९७-९८ पासूनची उद्योगिनी योजना आणि अल्पसंख्याक विकास महामंडळाच्या योजना उपयोगी पडतात. त्यांसाठी कर्नाटकातील रहिवासाची कागदपत्रे लागतात. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या स्त्रीने ती वेळीच करून घ्यावीत. फार्मसी झालेल्या मुलींसाठी जनऔषधी केंद्र हा फ्रँचायझीसारखाच सरकारी पर्याय आहे. स्त्री अर्जदारांसाठी त्यात विशेष प्रोत्साहन रकमेची तरतूद करण्यात आली.

समारोप

फ्रँचायझी हा मार्ग वाईट नाही. नवख्या स्त्रीला तो धंद्याची शिस्त, हिशेब, माणसे सांभाळण्याची कला शिकवतो. एक दुकान नीट चालवणारी स्त्री दुसरे उघडते, इतर मुलींना काम देते व शिकवते. नेतृत्व येथूनच घडते. पण त्यासाठी ती कागदावरही मालक असली पाहिजे.

कम्युनिटी कॉलेजमध्ये कौशल्य शिकवले जाते व प्रमाणपत्र दिले जाते. त्यात आणखी काही तासिकांची भर घालता येईल. एका नमुना करारनाम्याचे मराठी व उर्दूत कलमवार वाचन, रॉयल्टीचा हिशेब, भाडेकरार व परवान्यांची ओळख एवढा अभ्यास पुरेसा आहे. इंग्रजी, कन्नड, उर्दू व मराठी जाणणारे अध्यापक एकाच आवारात मिळणे ही सीमाभागाची खास जमेची बाजू आहे. त्यांनी सही करण्यापूर्वी विद्यार्थिनीच्या शेजारी बसून करारनामा वाचून दाखवला, तर कौशल्य असूनही दुसऱ्याच्या नावासाठी राबण्याची बिडी वळणाऱ्या आईची गत तिच्या मुलीच्या वाट्याला येणार नाही.