मोटार खालीं बसविण्यापूर्वीं

घरांत मोटार आली कीं थोड्याच दिवसांत तरुण मंडळींच्या डोळ्यांस तिची उंची खुपूं लागते. चाक आणि त्यावरील मडगार्ड यांमधील चार बोटांची पोकळी त्यांस असह्य होते, व आखूड स्प्रिंगा घालून गाडी दोनतीन सेंटिमीटर खालीं घ्यावी असा आग्रह सुरू होतो. वडील मंडळी यास निव्वळ थेर म्हणून मोडीत काढतात. आमच्या मतें हा निकाल घाईचा आहे. ही हौस निराधार नाहीं. मात्र तिचा आधार तरुण समजतात तितका भक्कमहि नाहीं.

हिशेबच करून पाहूं. समजा, गाडीचें वजन १००० किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आणि डाव्याउजव्या चाकांतील अंतर १५० सेंटिमीटर आहे. घाटांतील वळणावर वजनाच्या निम्म्या जोरानें ती बाहेर ओढली जात असेल, तर ५०० ला ५५ नें गुणून १५० नें भागावें. सुमारें १८३ किलो भार आंतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जातो. गाडी ३ सेंटिमीटर खालीं घेतली तर हाच आंकडा १७३ होतो. म्हणजे केवळ उंची उतरवून हातीं लागले ते १० किलो! तरीहि अशी गाडी वळणावर अधिक ठाम वाटते, तें मुख्यतः नव्या स्प्रिंगा ताठ असतात म्हणून. उलट, आजच्या पुष्कळ लहान गाड्यांस पुढें मॅकफर्सन पद्धतीचा स्ट्रट असतो. गाडी फार खालीं घेतली म्हणजे त्याच्या खालच्या आर्मचें बाहेरचें टोक वर चढतें, आणि गाडी ज्या बिंदूभोंवतीं कलते तो बिंदु गुरुत्वमध्यापेक्षांहि झपाट्यानें खालीं जातो. दोहोंमधील अंतर वाढतें, आणि स्प्रिंगा ताठ नसतील तर गाडी पूर्वीहून अधिक कलते.

पण कुटुंबाच्या दृष्टीनें खरा प्रश्न वळणाचा नसून मागच्या बाकाचा आहे. खड्डा किंवा उंचवटा आला असतां चाकास वर जाण्यास जागा देणें, हें स्प्रिंगेचें काम. समजा, मागील चाकास असा ८ सेंटिमीटर वाव आहे व दर २० किलोंस स्प्रिंग एक सेंटिमीटर दबते. आजी, काकू, मुलें आणि फराळाचे डबे घेऊन मंडळी कुलदैवताच्या दर्शनास निघाली व प्रत्येक मागील चाकावर १०० किलो भार वाढला, तर ५ सेंटिमीटर तेथेंच खर्चीं पडले, उरले ३. तितक्याच ताठपणाची, पण गाडी ३ सेंटिमीटर उतरविणारी स्प्रिंग असेल तर बाकी शून्य! मग प्रत्येक खड्ड्यास गाडी रबरी ठोकळ्यावर आदळणार, आणि तो दणका थेट आजीच्या कण्यास पोंचणार. स्प्रिंग ताठ करून २६ किलोंस एक सेंटिमीटर दबेल अशी केली, तरी जेमतेम एक सेंटिमीटराहून थोडा अधिक वाव राहतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणांत गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद सांगितला आहे. गल्लोगल्लीं रातोरात उगवणारे गतिरोधक तें प्रमाण वाचून उगवत नाहींत.

आमच्या जुन्या तर्कसंग्रहांत संस्काराचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानले आहेत. स्प्रिंग म्हणजे मूर्तिमंत स्थितिस्थापक. दाबली कीं पूर्वस्थितीस येते. पण येतांना थांबत नाहीं, पलीकडे जाते, पुन्हां परतते. हा झुलणारा वेग जिरवितो तो शॉकॲब्सॉर्बर. बारीक छिद्रांतून तेल ढकलून तो हालचालीची उष्णता करतो. मूळ स्प्रिंगेच्या बेतानें घडविलेला आणि त्यांतून झिजलेला शॉकॲब्सॉर्बर नव्या ताठ स्प्रिंगेस आवरूं शकत नाहीं. यास्तव बदलायचेंच असेल तर स्प्रिंगा व शॉकॲब्सॉर्बर एकमेकांस जुळणारे, आणि चारी चाकांस एकदम घ्यावे. केवळ पुढचा किंवा केवळ मागचा जोड बदलूं नये. मॉरिस ऑली या अभियंत्यानें १९३० नंतर अमेरिकेंत कॅडिलॅकच्या कारखान्यांत दाखवून दिलें कीं, पुढील स्प्रिंगा मागील स्प्रिंगांहून कांहींशा मृदु असल्या तरच गाडीचें पुढेंमागें डुलणें लवकर शमतें. हा मेळ एका जोडाच्या हव्यासानें बिघडवूं नये.

कांहीं गॅरेजांत मूळ स्प्रिंगेचे वेढेच कापून देतात. सहांपैकीं एक वेढा कापला कीं ताठपणा सहापंचमांश होतो, एवढें गणित खरें. परंतु चाक लोंबतें राहिल्यास तोकडी स्प्रिंग बैठकींतून निसटूं शकते; आणि ज्योतीनें तापवून ती खालीं बसविली तर पोलादाचें पाणीच जातें. अशा गाडींत आपलीं मुलें बसवूं नयेत.

सर्व घरास मिळून एकच गाडी असेल तर ती उतरवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तीच रक्कम मूळ मापाचे चांगले शॉकॲब्सॉर्बर, त्यांचीं रबरी माउंटें, आर्मचे बुश आणि उत्तम टायर यांवर घालावी. जुन्या गाडीची चाल इतकी पालटते कीं चिरंजिवांचा निम्मा हट्ट तेथेंच विरतो. एकट्यादुकट्याच्या स्वतंत्र गाडीस २५ ते ३० मिलिमीटरांची उतरण पुरे. तत्पूर्वीं परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस लेखी विचारावें. कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं तसाच निर्वाळा दिला आहे.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी, नाहीं तर टायरांची आंतील कड भराभर झिजते. दिव्यांचा झोतहि तपासावा. आणि आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असतांना पक्के आंवळूं नयेत, चाकें जमिनीवर टेकवून आंवळावे, हें कारागिरास आधींच बजावून ठेवावें. नपेक्षां नवें रबर कायमचा पीळ खाऊन लवकरच फाटतें.