न बोललेली गोष्ट

साताऱ्याहून सांगलीला आगगाडीनं जाताना वाटेत कोरेगाव लागतं. ना. ह. आपट्यांचं कोरेगाव. त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘प्रभात’नं १९३७ साली ‘कुंकू’ काढला. सांगलीत उतरलं की जवळच हरिपूर. १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणणाऱ्या देवलांचं गाव. म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी हा विषय आमच्या भागात असा घरचाच. त्यामुळे दोन माणसांत वयाचं अंतर दिसलं, की आमचे कान लगेच टवकारतात.

गेल्या महिन्यात सांगलीला मामेबहिणीकडे गेले होते. रात्री भाच्यानं संगणकावर एक फ्रेंच चित्रपट लावला. १९९५ सालचा, ‘नेली आणि श्रीयुत अर्नो’ अशा अर्थाच्या नावाचा. दिग्दर्शक क्लोद सोते यांचा हा शेवटचा चित्रपट. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. पॅरिसमधली पंचविशीची नेली. नवरा बेकार, घरभाडं थकलेलं. निवृत्त न्यायाधीश अर्नो तिला पैसे देऊ करतात आणि ती त्यांच्या आठवणी टंकून द्यायला येऊ लागते. मजकुरावरून दोघं हुज्जत घालतात. तिच्या आयुष्यात तरुण मित्र येतो, तेव्हा म्हातारा आतून दुखावतो. एका रात्री ती झोपलेली असताना अर्नो शेजारी बसून असतात. त्यांचा हात तिच्या पाठीवरून हवेतच फिरतो, टेकत मात्र नाही. शेवटी ते घटस्फोटित पत्नीबरोबर प्रवासाला निघून जातात. कुणीच काही बोललेलं नसतं. मिशेल सेरो या नटानं हे सगळं नुसत्या डोळ्यांनी सांगितलं आहे.

चित्रपट संपला. ताई हळूच म्हणाली, “बाबांची आठवण झाली ना?”

मला तेच नको होतं. मामा निवृत्त मुख्याध्यापक. मामी गेलेल्या, मोतिबिंदूनं नजर अधू झालेली. गल्लीतली एक मुलगी, बी. ए. झालेली, दुपारी चारला येऊन त्यांच्या आठवणी लिहून घ्यायची. मामा तिला महिन्याचे पैसे देत. हळूहळू मामा साडेतीनलाच इस्त्रीचा सदरा घालून बसू लागले. एवढंच. पण घरात कुजबुज सुरू झाली आणि साताऱ्याहून मला बोलावणं आलं. मी म्हणाले, “मामा, लोक काय म्हणतील?” ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मुलगी आली नाही. तिचं काम गेलं, वर गल्लीत नाव झालं ते वेगळंच.

‘शारदे’तल्या भुजंगनाथानं पैशाच्या जोरावर पोरगी मागितली होती. ‘कुंकू’तल्या नीरेचं लग्न तिला फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावलं होतं. तिथं ओरडायलाच हवं होतं, आणि आपल्या लेखकांनी ते केलं. पैसा तर अर्नोंकडेही आहे, सोते ते लपवत नाहीत. पण नेली केव्हाही उठून जाऊ शकते, आणि आपल्या मनातलं ओझं अर्नो तिच्यावर टाकत नाहीत. मला वाटतं, वर्षं मोजण्याआधी हे पाहायला हवं : उठून जायची मोकळीक कुणाला आहे, आणि कुणाला नाही.

मामांच्या घरी ती मुलगी मोकळी होती. तिचा मार्ग बंद केला तो आम्ही. मामांच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. कदाचित काही असेलही. तिच्या मनात काय होतं, हे तर कुणी विचारलंच नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ताईनं कपाटातून वही काढली. नीटस, गोल अक्षर. मजकूर तासगावच्या १९४२च्या मोर्चापर्यंत आलेला, पुढची पानं कोरी. ती मुलगी, म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेली बाई, कुठं असते ते ताईला ठाऊक आहे. वही तिला द्यावी का, यावर रात्री बराच वेळ बोललो.

आधी तिला विचारायचं ठरलं. या वेळी निदान तेवढं तरी.