फजितीचं शिक्षण

मागच्या वेळी आपण बर्गसाँपाशी थांबलो होतो. 1900 सालच्या ‘हास्य’ या ग्रंथात ते म्हणतात की, जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येतं. रस्त्यात धावता धावता अडखळून पडणारा माणूस हे त्यांचं उदाहरण. पण विदूषक तर पडण्याचं रीतसर शिक्षण घेतो. मग तो नेमकं काय शिकतो?

झाक लकॉक हे मूळचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. 1956 साली त्यांनी पॅरिसमध्ये नाट्यशाळा काढली. पुढे 1960 च्या दशकात एकदा त्यांनी विद्यार्थ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, एकेकाने मध्ये या आणि आम्हाला हसवा. कोलांट्या झाल्या, शाब्दिक कोट्या झाल्या, कोणी हसेना. शेवटी बिचारे हिरमुसून जागेवर परतू लागले आणि तेव्हा कुठे हशा पिकला! हसू आलं ते त्या उघड्या पडलेल्या फजितीला.

म्हणून या शाळेत विदूषक येतो तो दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस. सुरुवातीला भावहीन, तटस्थ मुखवटा घालून शरीर शांत करायचं. चालण्यातल्या, उभं राहण्यातल्या आपल्या लकबी ओळखायच्या. कसरतही हवीच. विदूषक ऐटीत कोलांटी मारायला जातो आणि आपटतो. मागून लाथ बसली की नकळत सफाईने मारतो! हे करायला कोलांटी उत्तमच यावी लागते. शेवटी लाल नाक. तो सर्वांत छोटा मुखवटा. बाकी चेहरा उघडाच राहतो, लपायला जागा नाही.

खरं अवघड काम इथून पुढचं. डाव फसला की आपण काय करतो? नजर चुकवतो, सारवासारव करतो. विदूषकाने मात्र तिथेच थांबायचं, श्वास घ्यायचा आणि प्रेक्षकांकडे पाहायचं. ओशाळलेपण जसं आहे तसं दिसू द्यायचं.

बर्गसाँच्या मते हसण्यासाठी हृदय घटकाभर बधिर व्हावं लागतं आणि हसून समाज चुकणाऱ्याला ताळ्यावर आणतो. वर्गात, कचेरीत असं शिक्षा करणारं हसू आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण पडलेला विदूषक आपल्याकडे पाहतो, तेव्हा आपण हसतो आणि तो आपल्याला जवळचाही वाटतो. म्हणजे बर्गसाँचं म्हणणं खोटं नाही, अपुरं आहे. चुकणाऱ्याला बाहेर न काढता आपल्यात घेणारं हसूही असतं, आणि ते शिकता येतं.