पोवळ्याचं पाणी

पोवळं म्हटलं की आपल्याला अंगठीतला लाल खडा आठवतो, मंगळासाठी घातलेला. पण तो खडा नव्हेच. समुद्रातल्या एका प्राण्याचा तो सांगाडा. आठवीतल्या भाच्याला हे कळलं आणि त्याने धोशाच लावला : "मामा, पळसदरीच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी करू, त्यात जिवंत प्रवाळ ठेवू." त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी शिकायला बसलो.

प्रवाळ म्हणजे असंख्य चिमुकल्या जिवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हावर अन्न बनवून ते आपल्या यजमानाला देतं. काही जातींची ९० टक्क्यांपर्यंत भूक त्यावर भागते. त्यामुळे प्रवाळ सांभाळायचं म्हणजे आधी उजेड आणि पाणी सांभाळायचं. एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार, तापमान २४ ते २७ अंश, कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास. १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलो क्षार लागतात, पण ते पेणच्या मिठागरातलं मीठ आणून भागत नाही. मिठागरात मीठ धरतं तेव्हा बरंचसं मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यातच राहतं. म्हणून टाकीसाठी खास बनवलेलं मिश्रणच घ्यावं लागतं.

आमच्या गावाची अडचण वेगळीच. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून आलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असते. ते पाणी टाकीत घातलं की काचेवर आणि दगडांवर तपकिरी थर चढतो. उपाय एकच, आरओचं पाणी. मे महिन्यात कर्जतकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा टाकीतलं पाणी झपाट्याने उडतं, क्षार मात्र मागेच राहतात. अशा वेळी भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची. नवशिका इथे हमखास खारं पाणी ओततो आणि टाकी दिवसेंदिवस जास्तच खारट होत जाते.

शिवाय टाकी भरल्या भरल्या तिच्यात जीव सोडायचा नसतो. घाणीतून तयार होणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू आधी दगडांवर वसावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढी वाट पाहणं हाच या छंदाचा पहिला धडा, असं मला वाटतं.

एवढं शिकल्यावर कायदा वाचला आणि बेत बदलला. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा आहे. म्हणजे वाघाच्या पंक्तीत. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद होते. मला हा कायदा रास्त वाटतो. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एका अंशाने वाढून काही आठवडे तसंच राहिलं, तरी प्रवाळ आपलं शैवाल टाकून देतं आणि पांढरं पडतं. घरच्या टाकीत वीज गेल्यावर एका दुपारीच पाणी याहून जास्त तापू शकतं.

प्रवाळ जपणं किती नाजूक काम आहे, ते मुंबईने पाहिलं आहे. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या १८ वसाहती आढळल्या. वनखात्याची परवानगी काढून २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी त्या हलवल्या. अठरा छोट्या वसाहतींसाठी एवढा खटाटोप झाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

भाच्याचा हिरमोड झाला, पण टाकी होणार आहे. तिच्यात कोरडे दगड राहतील, आणि मासे येतील ते समुद्रातून न पकडलेले, हॅचरीत वाढवलेले. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची अशी पैदास नवी मुंबईत ऐरोलीच्या कांदळवन केंद्रातही होते. समुद्रात ज्याच्या आसऱ्याला तो राहतो ते समुद्रफूल नसलं, तरी हा मासा टाकीत सुखाने राहतो.

आणि प्रवाळ? ते पाहायला आम्ही थंडीत मालवणला जाणार आहोत. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहे. तुम्हीही जा. फक्त पाण्यात उतरल्यावर त्याच्यावर पाय देऊ नका, होडीवाल्याला नांगर वाळूतच टाकायला सांगा, आणि कोणी दगडी प्रवाळ विकायला आणलं तर घेऊ नका, वनखात्याला कळवा.